शकुंतलेची वाट

मी रोज रेल्वेने कॉलेजला येते असे म्हटले, की वर्गातील मैत्रिणी हसतात. आमच्या बाजूची रेल्वे बंद पडून काही वर्षे झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही माझे म्हणणे अगदीच खोटे नाही. दर्यापूर आणि अंजनगाव सुर्जी यांच्या मध्ये, रुळापासून हाकेच्या अंतरावर आमचे गाव आहे. गावापासून डांबरी सडक तीन किलोमीटर. पावसाळ्यात आमच्याकडच्या काळ्या मातीत पाय घातला, तर चप्पल आत राहते आणि पाय तेवढा वर येतो. म्हणून मी पांदण सोडते, रुळाच्या भरावावरून चालत सडकेला लागते आणि तेथे एस. टी. धरते. गाडी गेली, पण तिची वाट मला अजून कॉलेजात पोहोचवते.

ही वाट म्हणजे आपल्या वऱ्हाडची 'शकुंतला'. तिच्याविषयी थोडी माहिती मिळवावी, असे गेल्या वर्षापासून मनात होते. ग्रंथालयात काही सापडले, काही आमच्या आबाजींनी सांगितले. दोन्ही एकत्र करून लिहीत आहे.

मुंबईहून नागपूरला जाणाऱ्या मोठ्या लोहमार्गावर मुर्तिजापूर हे जंक्शन आहे. तेथून दोन लहान फाटे निघतात. एक दक्षिणेकडे कारंजा, दारव्हा या गावांवरून यवतमाळला जातो. त्याची लांबी ११३ किलोमीटर. दुसरा उत्तरेकडे पूर्णा ओलांडून दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोटवरून अचलपूरला जातो; तो ७६ किलोमीटर. यवतमाळचा फाटा १९०३ साली सुरू झाला आणि अचलपूरचा त्यानंतर दहा वर्षांनी. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव ते आर्वी हा ३५ किलोमीटरचा तुकडाही याच घराण्यातला. हे सर्व मार्ग 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वेज कंपनी' या खासगी कंपनीचे होते आणि तिचा कारभार 'किलिक निक्सन' ही इंग्रजी पेढी पाहत असे.

दोन रुळांमधील अंतराला गेज म्हणतात. मुंबई-नागपूर मार्गाचे गेज साडेपाच फूट आहे, तर शकुंतलेचे फक्त अडीच फूट. इतका अरुंद रूळ कंपनीने का टाकला? अर्थात स्वस्त पडतो म्हणून! जमीन कमी लागते, भराव कमी घालावा लागतो, पूल लहान चालतात, रूळ वजनाने हलके असले तरी भागते. आणि कंपनीला येथून काय न्यायचे होते? माणसे नव्हे, कापूस. वऱ्हाडचा कापूस मुर्तिजापूरला, तेथून मुंबईला आणि मुंबईहून बोटीने मँचेस्टरच्या गिरण्यांना, असा तो प्रवास होता. गंमत अशी, की या मार्गावर पुढे सत्तर वर्षे धावलेले वाफेचे इंजिनही मँचेस्टरातच १९२१ साली तयार झालेले होते. ते १९२३ मध्ये येथे कामाला लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. पुढे डिझेलचे इंजिन आले. कापूस तिकडे गेला आणि इंजिन इकडे आले, असा हा सौदा!

आमचे आबाजी तरुणपणी दिवाळीपासून होळीपर्यंत मुर्तिजापूरच्या यार्डात हमालीला जात. शकुंतला कशाने खचली, हे मला पुस्तकांपेक्षा त्यांच्या पाठीने अधिक चांगले समजावले. लहान रुळाचा डबा मोठ्या रुळावर चढू शकत नाही. त्यामुळे अचलपूरहून निघालेली रुईची गाठ मुर्तिजापूरला आली, की ती लहान डब्यातून काढून मोठ्या डब्यात भरावी लागे. दोन डबे समोरासमोर उभे करायचे, मध्ये फळी टाकायची आणि आकड्याने गाठ ओढून पाठीवर घ्यायची. एका गाठीचे वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास. लहान डबे चारदोन रिकामे झाले, तेव्हा कोठे मोठा डबा भरत येई. त्या हमालीचा पैसा, त्यात जाणारा दिवस, फाटणारे बारदान, हे सारे शेवटी कापसाच्या भावातून जाई. पुढे ट्रक आला. तो जिनिंगच्या दारात भरतो आणि गिरणीच्या दारात रिकामा होतो. मध्ये फळी टाकावी लागत नाही. आबाजी सांगतात, "पोरी, ट्रक आला तवाच आमी वयखलं. आमचं काम गेलं न् गाडीचं बी."

कापूस गेल्यावर गाडीत आम्ही माणसे उरलो. परंतु माणसांच्या तिकिटावर अशी गाडी चालत नाही आणि माणसांना हवा तो वेगही तिला नव्हता. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरचा रूळ सतत सारखा करीत राहावे लागते. ते झाले नाही म्हणजे गाडी हळू चालवण्याशिवाय गत्यंतर नसते. शकुंतला शेवटी ताशी वीस किलोमीटरच्या पुढे जात नसे. मुर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटरला जवळजवळ चार तास. गाडीतलीच माणसे तिकिटे देत, तीच खाली उतरून फाटक लावत, गाडी गेली की फाटक उघडून पुन्हा धावत येऊन डब्यात चढत. तिसरी-चौथीत असताना मी आईबरोबर मामाच्या गावाला जाताना हे पाहिले आहे. मला वाटे, सगळ्याच रेल्वे अशा असतात. पहिल्यांदा बडनेऱ्याला मोठी गाडी पाहिली, तेव्हा मी आईच्या पाठीमागे लपले होते.

रुळाची देखभाल का झाली नाही, याला आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच मुख्य आहे. स्वातंत्र्यानंतर देशातील बहुतेक खासगी व संस्थानी रेल्वे सरकारने आपल्याकडे घेतल्या. मध्य रेल्वे १९५१ साली झाली. ही कंपनी मात्र त्यातून सुटली. का सुटली याच्या नाना कथा सांगितल्या जातात. त्या मी येथे देत नाही. परिणाम एवढा झाला, की रूळ कंपनीचे आणि गाडी सरकारची, असा दुहेरी संसार अनेक दशके चालला. कराराने ठरलेला मोबदला कंपनीला द्यायचा, गाडीही आपणच चालवायची, मग दुसऱ्याच्या रुळावर पैसा कोण घालणार? आमच्याकडे बटईच्या शेतात कोणी विहीर खोदत नाही, तशातली गत. आमचे मराठीचे सर म्हणाले, "कालिदासाच्या शकुंतलेची निदान अंगठी तरी हरवली होती. हिचा करार कागदावर शाबूत असून हिला कोणी ओळखेना!"

यवतमाळकडची बाजू आधी थांबली, अचलपूरकडची त्यानंतर. २०१६ साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना हा मार्ग साडेपाच फुटी करण्यासाठी सुमारे दीड हजार कोटी रुपयांची घोषणा झाली. तेव्हा आमच्या गावात पेढे वाटल्याचे मला आठवते. सह्या झाल्या, मोर्चे निघाले. आमच्या गावाजवळ मात्र रुळांमध्ये बाभळी वाढल्या आहेत. दुसरीकडे, यवतमाळसाठी वर्धा-यवतमाळ-नांदेड हा अगदी नवा मोठा मार्ग हाती घेतला गेला आणि त्यातील वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. यवतमाळला रेल्वे दुसऱ्या दाराने येत आहे, ही आनंदाचीच गोष्ट. पण दर्यापूर-अंजनगावला दुसरे दार नाही.

अरुंद रूळ पुन्हा उभा राहू शकतो काय? राहू शकतो, त्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. सोलापूर जिल्ह्यातील 'बार्शी लाइट रेल्वे' हीसुद्धा अडीच फुटांचीच. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने ती बांधली. कुर्डुवाडी ते बार्शी हा तिचा पहिला तुकडा १८९७ चा. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ पर्यंत मिरजेला पोहोचली. सरकारने ती १९५४ साली विकत घेतली. म्हणजे तिचा मालक एकच झाला, हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे टप्प्याटप्प्याने ती सर्व साडेपाच फुटी झाली. त्यानंतर काय घडले पाहा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेने व्याकूळ झाले, तेव्हा मिरजेहून पाण्याच्या वाघिणी थेट लातूरला गेल्या. पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. मार्ग तोच, बार्शी लाइटचा! रूळ अडीच फुटीच असता, तर ते पाणी मोठ्या वाघिणींतून असे एका दमात लातूरपर्यंत गेले नसते. कापसासाठी व वारकऱ्यांसाठी टाकलेली वाट शंभर वर्षांनी पाणी नेईल, हे कॅलथ्रॉपच्या तरी ध्यानीमनी असेल काय? आमचा भागही खारपाण पट्टा आहे; विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. त्यामुळे ती बातमी मी कधी विसरले नाही.

हे सर्व वाचल्यावर मी मोठ्या उत्साहाने घरी सांगितले, की आपली गाडीही पुन्हा होऊ शकते. आबाजी चुलीपाशी बसले होते. ते म्हणाले, "मोठी गाडी होईन, पन ते आपल्या गावी थांबन काय?"

या प्रश्नाचे उत्तर मला कोणत्याच पुस्तकात मिळाले नाही. लातूरचे जुने स्टेशन शहरात होते, नवे बाहेर गेले. ते मोठे शहर, त्याचे भागले. पण गाडी वेगाने न्यायची म्हणजे थांबे कमी करावे लागतात आणि कमी करायचे म्हणजे आमच्यासारखीच गावे आधी गळतात. जुनी शकुंतला जशीच्या तशी परत यावी, असेही मी म्हणणार नाही. दिवसाची एक फेरी आणि चार तासांचा प्रवास, अशा गाडीने माझा सकाळचा तास कधीच मिळाला नसता. माझी ताई दहावीनंतर घरी बसली ती सडकेपर्यंतच्या त्या तीन किलोमीटरांपायी. तेव्हा गाडी धावत होती, तरी तिच्या कामाची नव्हती. मार्च २०२३ पासून एस. टी. त बायकांना अर्धे तिकीट झाले, म्हणून मी शिकते आहे, असे आई सर्वांना सांगते. तेही खरेच आहे. आम्हाला गाडी हवी आहे ती सकाळी नऊच्या आत तालुक्याला नेणारी, संध्याकाळी परत आणणारी आणि गावापाशी दोन मिनिटे थांबणारी. मागच्या खेपेस कापसाला विचारून रूळ टाकला होता. या खेपेस रूळ टाकण्याआधी कोणीतरी वेळापत्रक आम्हाला विचारावे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. काम खरोखर सुरू झाले, तर जुने रूळ उखडतील, भराव खणतील, दोन्ही बाजूंनी तारेचे कुंपण घालतील. दोन-तीन पावसाळे तरी त्यावरून चालता येणार नाही. माझे बी. ए. तोपर्यंत होऊन जाईल. धाकटी मात्र पुढच्या वर्षी अकरावीला जाते आहे. परवा रविवारी आम्ही दोघी भरावावरून सडकेपर्यंत चालत गेलो. कोणती स्लीपर कुजली आहे, नाल्याच्या पुलावर कोठे पाय टाकायचा आणि कोठे नाही, ते सर्व मी तिला दाखवून ठेवले आहे.