पाण्याच्या बिलात गटाराचे पैसे कसे लागतात?

वस्तीत काविळीचा रुग्ण निघाला की आम्ही आधी नळ बघतो, मग पाण्याचे बिल मागतो. बायका विचारतात, "बाई, आजारपणाचा नि बिलाचा काय संबंध?" संबंध आहे.

मुंबईत महापालिकेच्या बिलावर दोन रकमा असतात. एक जल आकार, दुसरी मलनिस्सारण आकार, म्हणजे सांडपाणी वाहून नेण्याचे पैसे. गटाराला मीटर नसतो. नळाच्या मीटरवर जेवढे पाणी दिसते, त्याच्या जल आकाराचे 70 टक्के मलनिस्सारण आकार म्हणून लागतात. मीटर नसेल तिथे हा पैसा मलनिस्सारण कर म्हणून मालमत्ता कराच्या बिलात येतो.

उदाहरण घेऊ. दहा घरांत मिळून एक जोडणी आहे. मीटरवर 60 हजार लिटर दिसले. हिशेबाच्या सोयीसाठी हजार लिटरला 5 रुपये दर धरू. जल आकार 300 रुपये, त्याचे 70 टक्के 210, एकूण 510. प्रत्येक घराच्या वाट्याला 51 रुपये. तुमच्याकडून याच्या कितीतरी पट घेतले जात असतील, तर गटप्रमुखाकडे मूळ बिल मागा. बिल बघणे हा तुमचा हक्क आहे.

आता गळती. मीटरच्या पुढे नळी फुटून 10 हजार लिटर वाया गेले, तर पाण्याचे 50 आणि वर गटाराचे 35 भरावे लागतात. ते पाणी वापरले नाही तरी पैसे सुटत नाहीत. आणि आपल्याकडे नळ्या गटारातूनच जातात. पाणी बंद झाले की नळी रिकामी होते, आणि ज्या भोकातून पाणी गळते, त्याच भोकातून घाण आत ओढली जाते. कावीळ, विषमज्वर, जुलाब तिथून येतात. गरोदर बाईला तर अशी कावीळ जिवावर बेतू शकते.

म्हणून एवढे करा. पाणी आलेले असताना दहाही घरांचे नळ बंद करा आणि मीटर बघा. काटा फिरत असेल तर गळती आहे. नळी बदलून घ्या, ती गटाराच्या वरून न्या. तोवर पिण्याचे पाणी उकळा. बिलाचा आकडा अचानक वाढला किंवा वस्तीत मलवाहिनीच नसताना आकार लागला, तर वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.