कललेले खडक आणि पाण्याची वाट

आरमोरीच्या पश्चिमेस वैनगंगा वाहते. पूर्वेकडून येणाऱ्या गाढवी व खोब्रागडी या नद्या तिला मिळतात. या नद्यांनी आपली वाट कशी निवडली असेल? त्याचे उत्तर पुष्कळ अंशी खडकांत आहे.

पश्चिम विदर्भात काळ्या पाषाणाचे थर बहुधा आडवे असल्यामुळे डोंगरांचे माथे सपाट दिसतात. वैनगंगेच्या खोऱ्यातील खडक त्याहून फार प्राचीन होत. भूगर्भातील दाबाने ते दुमडले आणि थर तिरपे झाले. साकोलीच्या परिसरात कठीण क्वार्ट्‌झाइट व मऊ पाटीसारखे खडक असे शेजारी शेजारी आढळतात. मऊ थर पावसाने झिजून त्यांच्या दऱ्या होतात. कठीण थर डोंगररांगा होऊन उभे राहतात. नदी मऊ थराच्या कडेने वाहते आणि जेथे कठीण रांगेत भेग सापडते तेथे ती भेदून जाते. अशा खिंडी बांधास सोयीच्या असतात. नवेगावबांधचा जुना तलाव डोंगरांच्या कुशीतच आहे. गाढवीवरील इटियाडोह धरणही डोंगरांमधील जागेचाच लाभ घेते. त्याचे पाणी आरमोरी भागातील धानाच्या बांध्यांपर्यंत येते.

थरांचा कल ओळखणे कठीण नाही. नाल्याच्या काठी उघड्या पडलेल्या थराच्या पृष्ठावर थोडे पाणी ओतावे. ते ज्या दिशेस ओघळेल तो कल. डोंगराचा कलाकडील उतार बहुधा सौम्य आणि विरुद्ध बाजू उभी असते. सच्छिद्र थरात मुरलेले पाणी कलाच्या दिशेने खाली उतरते. म्हणून विहिरीसाठी प्रथम तीच बाजू पाहावी.

बोडीची जागा निवडताना थर पाळीखालून बाहेरच्या बाजूस कललेले असल्यास सावध राहावे. थरांच्या सांध्यांतून पाणी झिरपून बोडी अकाली कोरडी पडते आणि निसवणीच्या वेळी धानास पाणी मिळत नाही. थर बोडीच्या आतल्या बाजूस कललेले असतील तर गळतीचे भय कमी.

मात्र आरमोरीभोवती पुष्कळ ठिकाणी नाइस जातीचा खडक आहे. तेथे पाणी कुजलेल्या मुरुमात व भेगांत साठते. थरांचा हा नियम तेथे पुरा पडत नाही. अशा जागी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा सल्ला घेतल्यावाचून शेतकऱ्यास विहिरीच्या खर्चात पाडू नये.