अजिंक्य गामा आणि आखाड्याबाहेरची कुस्ती

रमजान लागला की वांद्र्यातल्या व्यायामशाळांचे वेळापत्रक बदलते. एरवी सकाळी येणारी मुले इफ्तार करून, रात्रीची तरावीहची नमाज आटोपून मग येतात. बाजार रोड, नवपाडा, भारतनगर अशा वस्त्यांतली ही पोरे. दिवसभर पाण्याचा थेंब न घेता काढलेला असतो आणि तरीही तासभर घाम गाळायची हौस असते. भिंतीवर कुठेतरी मुहम्मद अलीचे चित्र हमखास असते. व्यायाम संपला की गप्पा सुरू होतात आणि त्या नेहमी एकाच प्रश्नावर येऊन थांबतात : कधीच न हरलेला सगळ्यात मोठा कोण?

अलीचे नाव इथे बाद होते. १९६० पासून तो जिंकत आला, पण ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये जो फ्रेझरने त्याला पहिला पराभव दाखवला. मग नाव येते रॉकी मार्सियानोचे. अमेरिकेतल्या ब्रॉक्टन या चपला-बुटांच्या कारखान्यांच्या गावात, बुटांच्याच कारखान्यात राबणाऱ्या इटालियन बापाच्या पोटी तो जन्मला. हेवीवेट गटात त्याची उंची कमी आणि हातही आखूड. तरीही ४९ लढती आणि ४९ विजय, त्यांतले ४३ नॉकआउट. १९५२ मध्ये जर्सी जो वॉलकॉटला तेराव्या फेरीत पाडून तो विश्वविजेता झाला आणि १९५६ मध्ये मुकुटासह निवृत्त झाला. पराभवाच्या रकान्यात शून्य आणि बरोबरीच्या रकान्यातही शून्य. हेवीवेट विश्वविजेत्यांत असा हिशेब दुसऱ्या कोणाचा नाही.

मात्र मार्सियानोच्या चाहत्यांना या आकड्याइतक्याच आणखी दोन गोष्टी आठवतात. १९४९ च्या डिसेंबरात त्याच्या ठोशांनी कार्माइन विंगो नावाचा तरुण बेशुद्ध पडला आणि जीवन-मरणाच्या सीमेवर गेला. मार्सियानो त्याच्या जिवासाठी प्रार्थना करत राहिला आणि पुढे उपचाराच्या खर्चालाही त्याने हातभार लावला. १९५१ मध्ये त्याने जो लुईला हरवले. लुई हा त्याचा लहानपणापासूनचा आदर्श. त्या रात्री जिंकलेला मार्सियानो हरलेल्या लुईसमोर रडला. आकड्यांच्या तक्त्यात या गोष्टींना रकाना नाही.

ताकद कशी मोजायची, हा प्रश्न इस्लामी परंपरेत फार जुना आहे. मक्केत रुकाना नावाचा मल्ल होता, त्याची पाठ कोणी जमिनीला लावली नव्हती आणि पैगंबर मुहम्मद (स.) यांनी त्याला कुस्तीत चीत केले, अशी हकीकत सीरतच्या पुस्तकांत येते. म्हणजे कुस्ती त्या परंपरेला परकी नाही. पण हदीसच्या संग्रहांत पैगंबरांची आणखी एक शिकवण आहे, तिचा आशय असा : समोरच्याला लोळवतो तो खरा बलवान नव्हे, संतापाच्या क्षणी जो स्वतःला आवरतो तो बलवान. रोजाची शिकवणही याच जातीची आहे. कोणी भांडण उकरून काढले, शिवी दिली, तर उलट उत्तर न देता आपण रोजेदार आहोत एवढेच सांगावे. उपवास पोटाचा असतो तसा हाताचा आणि जिभेचाही.

या मापाने मोजायचे तर आपल्या उपखंडात एक अपराजित पुरुष होऊन गेला, आणि त्याच्या आयुष्यात ही दोन्ही मापे एकत्र आली. त्याचे नाव गुलाम मुहम्मद बख्श, अर्थात गामा पैलवान.

गामाचा जन्म १८७८ चा, अमृतसर परिसरातला. घराणे काश्मिरी मल्लांचे. वडील दतिया संस्थानच्या आश्रयाला होते. ते लवकर वारले आणि आजोळच्या माणसांनी पोराला मेहनतीला लावले. १८८८ मध्ये जोधपूरच्या दरबारात बैठकांची स्पर्धा झाली. देशभरातून चारशेहून अधिक पैलवान आले होते. शेवटी उरलेल्या मोजक्या गड्यांत दहा वर्षांचा गामा उभा होता. महाराजांनी त्यालाच विजेता ठरवले.

तरुणपणी त्याची गाठ पडली रहीम बख्श सुलतानीवाला याच्याशी. गुजरांवालाचा हा मल्ल गामापेक्षा फूटभर उंच, वयाने आणि अनुभवाने मोठा. त्यांची कुस्ती तासन्‌तास चालली आणि बरोबरीत सुटली. पुढेही ते भिडले आणि निकाल लागला नाही. म्हणजे गामाचा हिशेब मार्सियानोसारखा निर्भेळ नाही, त्यात बरोबरी आहे. पण आखाड्याच्या भाषेत दोन तुल्यबळ मल्लांची कुस्ती सुटली, तर त्यात कोणाची मान खाली जात नाही. आयुष्यात सर्वांत कठीण प्रतिस्पर्धी कोण भेटला, असे विचारले की गामा रहीम बख्शचेच नाव घेई.

१९१० मध्ये एका बंगाली धनिकाच्या मदतीने गामा, त्याचा भाऊ इमाम बख्श आणि आणखी काही मल्ल लंडनला गेले. तिथे गामाला स्पर्धेत घेईनात, कारण त्याची उंची कमी भरली. तेव्हा त्याने जाहीर आव्हान दिले : कोणत्याही वजनाचे कोणतेही तीन पैलवान आणा, अर्ध्या तासात तिघांना पाडतो. लोकांना ती थाप वाटली. अखेर अमेरिकेचा डॉ. बेंजामिन रोलर पुढे आला. गामाने त्याला एकाच लढतीत दोनदा पाडले, पहिल्यांदा तर दोन मिनिटांच्या आत.

मग आला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को, त्या काळच्या जगातल्या अव्वल मल्लांपैकी एक आणि गामापेक्षा वजनाने कितीतरी भारी. दिवस १० सप्टेंबर १९१०, शनिवार. जागा लंडनचे व्हाइट सिटी स्टेडियम, जिथे दोन वर्षांपूर्वी ऑलिंपिक झाले होते. आणि महिना रमजानचा, हिजरी १३२८ च्या रमजानचा तो पहिलाच आठवडा होता. प्रवाशाला रोजे पुढे ढकलण्याची मुभा शरीयत देते. पण घरापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या मल्लांसाठी महिना तोच होता. गामाने सुरुवातीलाच झिबिस्कोला खाली घेतले. त्यानंतर झिबिस्को चटईला चिकटून बसला. अडीच तासांहून अधिक वेळ गामा त्याला उलथवायची खटपट करत राहिला. कुस्ती निकाली झाली नाही. १७ सप्टेंबरला पुन्हा लढायचे ठरले, पण त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. गामा विजयी ठरला आणि 'जॉन बुल' साप्ताहिकाचा मानाचा पट्टा त्याला मिळाला. त्या काळात इंग्रजांच्या राजधानीत एका हिंदी माणसाने मिळवलेल्या या विजयाचे मोल नुसत्या पट्ट्याएवढे नव्हते.

परतल्यावर अलाहाबादेत रहीम बख्शशी अखेरची कुस्ती झाली आणि या वेळी गामा जिंकला. 'रुस्तुम-ए-हिंद' हा किताब निर्विवाद झाला. त्याच सुमारास महाराष्ट्रातही कुस्तीला राजाश्रयाचे दिवस होते. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले ते १९१२ मध्ये, आणि तिथे पहिल्या मोठ्या कुस्तीत उतरला गामाचा भाऊ इमाम बख्श. समोर होता गुलाम मोहिद्दीन. पंजाबचे मुसलमान मल्ल कोल्हापूरच्या लाल मातीत लढत होते आणि मराठी प्रेक्षक डोक्यावरचे फेटे उडवत होते. तालमीत मारुतीची तसबीर असे आणि तिच्यासमोरच्या हौद्यात उतरताना मुसलमान गडीही मातीला हात लावून कपाळी लावी. यात कोणाला काही वेगळे वाटत नसे.

झिबिस्कोशी राहिलेला हिशेब १९२८ च्या जानेवारीत पतियाळात पुरा झाला. महाराजांनी खास मैदान तयार करवले होते आणि हजारो लोक लोटले होते. लंडनला अडीच तासांत न सुटलेली कुस्ती इथे मिनिटभरही चालली नाही. झिबिस्को अस्मान बघत होता. गामा तेव्हा पन्नाशीला आला होता. पुढच्याच वर्षी जेस पीटरसनलाही त्याने दीड-दोन मिनिटांत पाडले. त्यानंतर त्याच्यासमोर उभे राहायलाच कोणी तयार होईना. अजिंक्य राहण्यातला हा एक एकटेपणा असतो. रोज हजारो जोर-बैठका काढायच्या आणि लढायला मात्र कोणी नाही.

मग १९४७ उजाडले. गामा तेव्हा लाहोरला मोहनी रोडच्या वस्तीत राहत होता आणि शेजारीपाजारी अनेक हिंदू कुटुंबे होती. त्या वर्षी स्वातंत्र्य आले तेही रमजानमध्येच. १५ ऑगस्ट हा रमजानचा शेवटचा जुमा, म्हणजे शुक्रवार होता. १४ आणि १५ च्या मधली रात्र ही सत्ताविसावी, कुराण अवतरले ती शब-ए-कद्र म्हणून मुसलमान जिला जागवतात ती रात्र. ज्या दिवसांत हात आणि जीभ आवरायची, त्याच दिवसांत पंजाबात दोन्ही बाजूंनी माणसे माणसांना कापत होती. रोजाची शिकवण इतकी उघडपणे क्वचितच पायदळी गेली असेल.

फाळणीच्या त्या दिवसांत मोहनी रोडवर जमाव चालून आला, तेव्हाची हकीकत आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना सांगितली जाते. वस्तीतल्या हिंदूंच्या केसालाही धक्का लागू देणार नाही, असे गामाने आधीच बजावून ठेवले होते. जमाव आला तेव्हा तो आपल्या पठ्ठ्यांना घेऊन वाटेत उभा राहिला. पुढारी पुढे सरसावला, तशी गामाने त्याच्या कानशिलात एक लगावली. तेवढ्यावर जमाव पांगला. पुढे परिस्थिती अशी झाली की त्या कुटुंबांना लाहोर सोडणे भागच पडले. तेव्हा गामाने पदरच्या पैशाने त्यांना आठवडाभराचा शिधा दिला आणि सीमेपर्यंत पोचवले. वय तेव्हा एकोणसत्तर.

ती थप्पड बारकाईने पाहण्यासारखी आहे. जगज्जेत्या मल्लांना मिनिटात लोळवणारे ते हात होते, आणि त्यांनी आवश्यक तेवढेच केले. समोर शत्रू नव्हता, स्वतःच्याच धर्माची, स्वतःच्याच गावची माणसे होती. त्यांच्याबरोबर जाणे सोपे होते, दार लावून घरात बसणे त्याहून सोपे. परक्याला पाडायला ताकद लागते. आपल्यांना अडवायला लागते ती वेगळी, आणि ती जोर-बैठकांनी येत नाही.

मुंबईला अशी हिंमत अनोळखी नाही. १९९३ च्या स्फोटांनंतरच्या दिवसांत सुनील गावसकर आपल्या इमारतीच्या गच्चीवर होते. खाली रस्त्यावर जमावाने एका कुटुंबाला घेरलेले त्यांनी पाहिले. ते धावत खाली गेले, जमावासमोर उभे राहिले आणि त्या कुटुंबाला सुखरूप जाऊ देईपर्यंत हटले नाहीत. त्यांच्या चिरंजीवांनी ही गोष्ट जाहीरपणे सांगितली आहे. वेगवान गोलंदाजांना हेल्मेटशिवाय तोंड देणाऱ्या या सलामीवीराच्या धावा सगळ्यांना पाठ आहेत. ही खेळी मात्र कुठल्याच धावफलकावर नाही.

गामाची अखेर सुखाची नव्हती. दुखण्यांनी शरीर पोखरले, पैशाचीही ओढाताण झाली. पाकिस्तान सरकारने काही आधार दिला. आणि सीमेपलीकडून, भारतातून, उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी रोख रक्कम आणि दरमहा तीनशे रुपयांची मदत देऊ केली. देश दोन झाले होते, पण पैलवानाला आपला मानणारे दोन्हीकडे होते. २३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये गामाचे निधन झाले.

'रुस्तुम-ए-हिंद' हा किताब तोवर दुसऱ्या एका पंजाबी मल्लाकडे आला होता. अमृतसर जिल्ह्यातलेच दारासिंग १९५४ मध्ये तो मिरवू लागले, १९६८ मध्ये मुंबईत त्यांनी लू थेझला हरवले, आणि वांद्र्यापासून हाकेच्या अंतरावर जुहूला घर करून इथलेच झाले. शीख घरात जन्मलेल्या या मल्लाने 'रामायण' मालिकेत साकारलेला हनुमान मुसलमान घरांतल्या मुलांनीही डोळे विस्फारून पाहिला. किताब असा धर्म न विचारता एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेला.

रमजानचे आता थोडेच रोजे उरले आहेत. रात्री व्यायामशाळेत कोण अजिंक्य, याचा वाद चालूच राहील आणि तो चालावाही. पोरांनी आकडे पाठ करावेत, मार्सियानोचे ४९ मोजावेत. त्यांच्या वाट्याला पतियाळाचे मैदान येईल न येईल. पण रस्त्यावरची बाचाबाची, मोबाइलवर आलेला विखारी संदेश, मित्रांच्या घोळक्यात दुसऱ्या समाजाबद्दल उडालेली शिवी, हे रोज येते. तिथे स्वतःचा हात आवरणे आणि आपल्याच माणसाचा हात धरणे, ही कुस्ती प्रत्येकाला लढावी लागते. गामा ती एकोणसत्तराव्या वर्षी लढला आणि तीही हरला नाही.