शून्याची जागा

चौथीच्या पहिल्या सत्रात काय शिकवायचं, ते बाईंच्या नियोजनाच्या वहीत आखलेलं असतं. जूनच्या मध्याला शाळा उघडली की दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मराठीचे पाठ, इंग्रजीच्या कविता, परिसर अभ्यासात प्राण्यांचा जीवनक्रम आणि पाणी, इतिहासात शिवराय. यातला इतिहास फारसा शिकवावा लागत नाही. १९७० पासून चौथीच्या पिढ्या ‘शिवछत्रपती’ वाचत आल्या. पुस्तक हातात पडलं की पोरं आधी प्रतापगड उघडतात. शिवजन्मापूर्वीच्या महाराष्ट्राकडे सावकाश वळतात. गाडं अडतं ते गणितात, आणि गणितात भागाकारापाशी.

साताऱ्याकडच्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथी एकाच खोलीत बसते. मागच्या भिंतीला टेकून मी तिथला गणिताचा तास पाहिला. फळ्यावर होतं ६१८ भागिले ६. बहुतेक वह्यांत उत्तर आलं १३.

उत्तर चुकलं, पण पोरं वाट चुकली नव्हती. सहाला सहाने भाग गेला, एक. मग १ खाली घेतला. एकाला सहाने भाग जाईना, म्हणून लगेच ८ खाली घेतला. अठराला भाग गेला, तीन. जिथे भाग गेला नाही तिथे भागाकारात शून्य मांडायचं तेवढं राहिलं. आपण मोठी माणसंही कागदावर इथेच घसरतो. मोबाइल असतो म्हणून कळत नाही.

बाईंनी लाल पेन उचललं नाही. खेळण्यातल्या नोटा काढल्या, सहा जणांना पुढे बोलावलं आणि शंभराच्या सहा, दहाची एक आणि रुपयाची आठ नाणी टेबलावर ठेवली. “सारखे वाटा.” शंभराची एकेक नोट लगेच वाटून झाली. मग दहाची एकुलती नोट हातातून हातात फिरू लागली.

“फाडायची का, बाई?”

खोली खदखदली. तिसरीतली एक मुलगी बँक झाली होती, तिने दहाचे सुट्टे मोजून दिले. दहा आणि आठ, अठरा. प्रत्येकाला तीन. आता प्रत्येकाच्या हातात एकशे तीन रुपये होते, आणि वह्यांत तेरा.

“दहाच्या नोटा कुणाकडे किती?”

“एकपण नाय.”

“मग दशकाच्या घरात काय लिहायचं?”

शून्य पोरांनीच सांगितलं. तरी बाई थांबल्या नाहीत. तेरा रुपये सहा जणांना दिले तर अठ्ठ्याहत्तर होतात, म्हणाल्या. मग उरलेले ५४० कुणी खाल्ले? हा प्रश्न मला सगळ्या तासातला सर्वांत मोलाचा वाटला. उत्तर आल्यावर ते शक्य तरी आहे का, हे ताडून पाहायची सवय पुस्तकातल्या रीतीत कुठे सांगितलेली नसते.

भिंतीवर दहापर्यंतचे पाढे टांगलेले होते आणि ते पाहायला मुभा होती. काही पालकांना हे लाड वाटतात. मला बाईंचं पटतं. पाढा न येणं आणि वाटणी न कळणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकाच वेळी दोन्हींवर औषध दिलं की कुठलं लागू पडलं ते समजत नाही. पाठांतराला सकाळची वेळ वेगळी होतीच.

तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं ही ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीतली गणिताची सर्वांत वरची पायरी आहे. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या शंभरपैकी साधारण एकतीस मुलांनाच ती चढता आली. म्हणजे हे कोड्यात टाकणारं गणित एका वाडीतल्या खोलीपुरतं नाही. नियोजनाच्या वहीत मात्र भागाकाराला इतर घटकांसारखेच मोजके तास असतात. बाईंचे ते संपलेले होते आणि अपूर्णांक वाट पाहत होते. पण सारखे भाग म्हणजे काय हेच कळलं नसेल, तर अपूर्णांक कशावर उभे करणार? त्यांनी अपूर्णांक पुढे ढकलले.

घरी चौथीतलं मूल असेल तर त्याला ८१६ भागिले ८ घालून पाहा. उत्तर १२ आलं तर रागावू नका. शंभराच्या आठ नोटा, दहाची एक आणि सहा सुट्टे रुपये समोर ठेवा, आणि वाटू द्या.