आर्थिक संकटकाळातील गृहनिर्माण विकासकांची विश्वासार्हता व भांडवल उभारणी : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
मुंबई उपनगरांत घर घेणारे कुटुंब बहुधा बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत सदनिकेची नोंदणी करते. ताबा मिळेपर्यंत ते हप्ते भरते. म्हणजेच ते ग्राहक असते, तसेच विकासकाचे वित्तपुरवठादारही असते. बँकेप्रमाणे तारण घेण्याचा वा हिशेब तपासण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसतो. त्यामुळे विकासकाची विश्वासार्हता हा त्या कुटुंबाच्या आयुष्यभराच्या बचतीचा प्रश्न ठरतो. प्रस्तुत लेखात २००८ व २०१८ च्या आर्थिक संकटांच्या अनुषंगाने या प्रश्नाचे विवेचन केले आहे.

भांडवलाचे स्रोत :
विकासकाकडे पैसा मुख्यतः तीन मार्गांनी येतो : ग्राहकांचे हप्ते, बँका व बँकेतर वित्तसंस्थांची कर्जे आणि भागभांडवल. हे स्रोत स्वतंत्र भासले, तरी तिन्हींचा आधार घरांची विक्री हाच असतो. विक्री मंदावली की हप्ते घटतात, नवे कर्ज मिळेनासे होते व समभागांचे मूल्य घसरते. अशा वेळी एका प्रकल्पाचा पैसा दुसरीकडे वळविण्याचा मोह बळावतो आणि अनेक प्रकल्प एकाच वेळी रखडतात.

२००८ चे संकट व त्याचे पडसाद :
सप्टेंबर २००८ मध्ये लेहमन ब्रदर्स दिवाळखोरीत गेली आणि परदेशी भांडवलाचा ओघ आटला. रिझर्व्ह बँकेने रेपो दर ९ टक्क्यांवरून एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला; तसेच व्यापारी स्थावर मालमत्तेवरील कर्जांच्या पुनर्रचनेस सवलत दिली. विकासकांना उसंत मिळाली; परंतु कर्जावर विसंबण्याची प्रवृत्ती कायम राहिली.

एचडीआयएल हे त्याचे ठळक उदाहरण होय. गोरेगाव येथील पत्राचाळीच्या पुनर्विकासाचा करार २००८ मध्ये तिच्याशी संलग्न कंपनीने म्हाडा व रहिवाशांशी केला. ६७२ भाडेकरूंची घरे अपूर्ण असतानाच चटईक्षेत्र अन्य विकासकांना विकल्याचा ठपका तपास यंत्रणांनी ठेवला. अखेर हे काम म्हाडाला स्वतः हाती घ्यावे लागले. मुलुंड येथील 'व्हिस्परिंग टॉवर्स' प्रकल्पही वर्षानुवर्षे रखडला.

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएसने कर्जफेड चुकविल्यानंतर बँकेतर वित्तसंस्थांचा पुरवठा आक्रसला. ऑगस्ट २०१९ मध्ये एचडीआयएलविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. पुढच्याच महिन्यात, भांडुप येथे मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. बँकेच्या एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज या एकाच समूहाकडे असल्याचे उघडकीस आले. ठेवीदारांना आरंभी केवळ १,००० रुपये काढता येत होते. अशा रीतीने विकासकाच्या अपयशाची झळ घर न घेतलेल्या कुटुंबांनाही बसली. जानेवारी २०२२ मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली.

कायदेशीर उपाय व मर्यादा :
२०१६ च्या रेरा कायद्यान्वये महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून महारेरा कार्यरत झाले. ग्राहकांकडून मिळालेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे आणि अभियंता, वास्तुविशारद व सनदी लेखापाल यांच्या प्रमाणपत्रांनुसारच ती काढणे बंधनकारक झाले. नोंदणीकृत कराराशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. २०१८ पासून दिवाळखोरी प्रक्रियेत सदनिकाधारकांना वित्तीय धनकोचा दर्जा मिळाला.

तथापि, खात्यातील पैसा सुरक्षित ठेवणारा कायदा नवा पैसा निर्माण करू शकत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्र शासनाने नोव्हेंबर २०१९ मध्ये २५,००० कोटी रुपयांच्या 'स्वामीह' निधीची घोषणा केली. त्यातून साहाय्य मिळालेला पहिला प्रकल्प बोरिवलीतील 'रिवाली पार्क' हा होता. मे २०२१ मध्ये तेथील घरांचा ताबा देण्यात आला. केवळ अपूर्ण प्रकल्प पूर्ण करण्यासाठी, देखरेखीखाली दिलेला पैसा इमारत उभी करू शकतो, हे यातून दिसते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे स्पष्ट होते की, विकासकाची विश्वासार्हता त्याच्या नावलौकिकावर वा जाहिरातीवर अवलंबून नसते. प्रकल्पाचा पैसा त्याच प्रकल्पात राहतो की नाही, यावर ती अवलंबून असते. म्हणून महारेराच्या संकेतस्थळावर नोंदलेला पूर्णत्वाचा दिनांक, जमिनीवरील कर्जाचा बोजा, न्यायालयीन वाद व विकलेल्या सदनिकांची संख्या तपासणे ग्राहकाच्या हिताचे ठरते. तेजीच्या काळात अनावश्यक वाटणारी ही तपासणीच संकटकाळात कुटुंबाच्या बचतीचे रक्षण करते.