यंत्राचा जन्मदाखला

माणसाची ओळख पटविण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. गावचा पाटील किंवा शाळेचा मुख्याध्यापक सांगतो की अमका तो हाच. त्या सांगण्यावर सही-शिक्का झाला की कचेरीतील कारकुनाचे समाधान होते. यंत्राची ओळख पटविण्याची वेळ आली तेव्हा मात्र प्रश्न निराळा झाला. शेकडो मैलांवरचा एखादा संगणक 'मी तुमच्याच कचेरीचा' असे म्हणतो. तो खरोखर तोच, की त्याचे सोंग घेतलेला दुसरा, हे ओळखावे कसे? नाव कोणालाही सांगता येते, परवलीचा शब्द चोरता येतो, आणि यंत्रात साठविलेल्या गुप्त खुणेची नक्कल तर क्षणात होते. कागदाची नक्कल जाणत्याच्या नजरेला कळते. संगणकातील नकलेत आणि अस्सलात तसा काही भेदच नसतो. खरी अडचण ही आहे.

तिच्यावर काढलेला तोडगा म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीवर बसविलेली नखाएवढी चिप. तिच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला टीपीएम म्हणतात. ट्रस्टेड कंप्युटिंग ग्रुप ही कारखानदारांची संस्था २००३ साली स्थापन झाली व या चिपेचे नियम ठरवू लागली. नियमांची सध्याची पिढी २०१४ साली प्रसिद्ध झाली आणि २०१५ साली तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. २०२१ साली विंडोज ११ करिता ही चिप आवश्यक ठरल्यावर ती घरोघरी जाऊन पोहोचली. आज ती पुष्कळांच्या घरी आहे. ती काय करते हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते.

चिप घडते तेव्हा तिच्या पोटात एक प्रचंड यादृच्छिक संख्या ठेवलेली असते. ही संख्या म्हणजे बियाणे. ठराविक कृतीने त्या बियाण्यापासून किल्ल्यांची जोडी निघते: एक गुप्त, एक जाहीर. बियाणे तेच आणि कृती तीच असल्यामुळे कितीही वेळा काढली तरी जोडी तीच निघते. गुप्त किल्ली चिपेबाहेर कधीच येत नाही. जाहीर किल्ली कोणालाही द्यावी. आरएसए पद्धतीची २०४८ बिटांची किल्ली दशमान आकड्यांत लिहू गेल्यास सहाशेहून अधिक अंकी संख्या होते. या जाहीर किल्लीवर चिपेचा कारखानदार आपली सही करतो व म्हणतो, 'या किल्लीची जोडीदार आमच्या अस्सल चिपेत आहे.' हे सहीचे पत्र म्हणजेच ओळखीचे प्रमाणपत्र. त्यात मालकाचे नाव नसते. चिप कोणी केली, तिचा नमुना कोणता, आवृत्ती कोणती एवढाच मजकूर असतो. आम्ही त्याला जन्मदाखला म्हणतो ते यामुळेच. जन्मदाखल्यावरही पुढे मूल कोणत्या घरी नांदेल हे लिहिलेले नसते.

हा दाखला काढावयाचा कसा? चिपेत कायम टिकणारी थोडी जागा असते व तिचे क्रमांक घातलेले कप्पे असतात. कोणत्या कप्प्यात काय ठेवावे हे नियमांनीच बांधून दिले आहे. षोडशमान पद्धतीत लिहिल्यास आरएसए किल्लीचा दाखला '०१सी००००२' या कप्प्यात असावा, आणि वक्ररेषांच्या गणितावर आधारलेल्या नव्या जातीच्या किल्लीचा '०१सी००००ए' मध्ये. लिनक्सवर टीपीएम-टू-टूल्स या साधनसंचाने व विंडोजवर पॉवरशेलमधील आज्ञेने तो कप्पा वाचता येतो. हाती येतो तो बाइटांचा लहानसा पुंजका. तो उलगडला की वरील मजकूर दिसतो व खाली सही दिसते. ती सही खरी की खोटी, हे कारखानदाराने प्रसिद्ध केलेल्या मूळ प्रमाणपत्रापर्यंत पायरीपायरीने जाऊन ताडून पाहावयाचे असते.

पुष्कळदा कप्पा रिकामा निघतो. त्यावरून चिप खोटी ठरत नाही. अनेक संगणकांत टीपीएम ही निराळी वस्तू नसून मुख्य प्रोसेसरच्या आतच चालणारी व्यवस्था असते. अशा यंत्रांत दाखला पुष्कळ वेळा कारखानदाराच्या सर्व्हरवर ठेवलेला असतो. आपल्या यंत्राने जाहीर किल्लीचा ठसा त्या सर्व्हरला पाठवावा, आणि त्याने दाखला परत द्यावा, अशी ती योजना आहे. इंटेलच्या पुष्कळ संगणकांत हीच रीत होती. आम्हांस ही रीत फारशी रुचत नाही. आपल्या जन्मदाखल्याची नक्कल मागण्यासाठी दर वेळी जन्मगावच्या दारात उभे राहावे, आणि तेथे नेटची वाट बंद असली तर ओळखच पटू नये, हे गैरसोयीचे आहे. ही अडचण केवळ कागदावरची नाही. काही कंपन्या नवे संगणक थेट कर्मचाऱ्याच्या घरी पाठवतात आणि चिपेच्या ओळखीवर त्यांना आपल्या जाळ्यात घेतात. दाखला न मिळालेले यंत्र दाराबाहेरच उभे राहते, व घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला त्याचे कारण कळत नाही.

आता मुख्य मुद्दा. दाखला हाती आला म्हणजे ओळख पटली असे पुष्कळांस वाटते. तसे मुळीच नाही. दाखला कोणीही वाचू शकतो, म्हणूनच तो कोणीही उचलून दुसरीकडे दाखवू शकतो. यास्तव परीक्षक दाखल्यावर थांबत नाही. दाखल्यातील जाहीर किल्लीने तो एक गुपित कुलूपबंद करतो आणि ती पेटी यंत्राकडे धाडतो. जोडीची गुप्त किल्ली जिच्या पोटात असेल तीच चिप पेटी उघडील व आतले गुपित परत सांगेल. जन्मदाखल्याची नक्कल घेऊन आलेल्या तोतयाला पेटी उघडताच येत नाही.

मग त्या गुप्त किल्लीने सरळ सहीच का करू नये? कारण एकच किल्ली जागोजागी सही करू लागली तर ते यंत्र सर्वत्र ओळखले जाईल, आणि त्याच्यामागोमाग त्याचा मालकही. म्हणून नियमांनी जन्मकिल्लीला सहीचे काम न देता केवळ पेटी उघडण्याचे दिले. सहीसाठी चिप वेगळ्या किल्ल्या घडविते, आणि ती पेटी अशी बांधलेली असते की नवी किल्ली व जन्मकिल्ली एकाच चिपेत नांदत असतील तरच ती उघडावी. तरीही परीक्षकाला जन्मदाखला दिसतोच. तोही दिसू नये म्हणून ब्रिकेल, कामेनिश व चेन या तिघांनी २००४ साली एक पद्धत मांडली. तिच्यात 'मी अस्सल चिपांपैकी एक आहे' एवढेच सिद्ध होते, कोणती ते कळत नाही. गणित सुंदर आहे. व्यवहारात मात्र जन्मदाखला दाखविण्याचीच रीत अधिक रूढ झाली.

सही खरी असूनही दगा होऊ शकतो, हे २०१७ साली दिसले. चेक प्रजासत्ताकातील मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले की इन्फिनिऑन कंपनीच्या चिपा आरएसए किल्ल्यांसाठी मूळसंख्या निवडताना एक ठराविक साचा वापरीत होत्या. त्या साच्यामुळे जाहीर किल्लीवरून गुप्त किल्ली शोधणे अपेक्षेहून पुष्कळ सोपे झाले होते. एस्टोनियातील सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांना त्याची झळ लागली व सरकारला त्यांची प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली. त्याच कंपनीच्या टीपीएम चिपाही या दोषातून सुटल्या नव्हत्या. त्या ओळखपत्रांवरील सह्या बिनचूक होत्या. ज्या किल्लीवर सही, ती किल्लीच कच्ची होती.

आता जुना संगणक विकणाऱ्यांसाठी. चिप 'साफ' करण्याची आज्ञा असते. ती दिल्याने मालकाने साठविलेल्या किल्ल्या निरुपयोगी होतात, व विकण्यापूर्वी ती अवश्य द्यावी. परंतु जन्माचे बियाणे त्या आज्ञेने बदलत नाही. ते बदलण्याची वेगळी आज्ञा नियमांत आहे, पण ती देण्याचा अधिकार यंत्र घडविणाऱ्याच्या हाती राहतो, आणि ती दिली तर कारखानदाराचा दाखला कायमचा निकामी होतो. म्हणजे यंत्र नव्या घरी जाते ते जुना जन्मदाखला घेऊनच. ज्या कचेरीने त्या दाखल्यावरून यंत्राची नोंद ठेवली असेल, तिने विक्रीच्याच दिवशी आपल्या वहीतून ती नोंद खोडली पाहिजे. चिपेच्या बाजूने ती खोडली जाण्याची काहीच सोय नाही.