पाळी गेल्यावर हाडांना वजन हवे

"आई दिवसभर राबतेच की, तिला वेगळ्या व्यायामाची काय गरज?" आपल्या घराघरांत हे ऐकू येते. आम्हीही हेच म्हणत आलो. पण हाडांच्या बाबतीत हा हिशोब चुकतो, आणि तो चुकल्याचे अनेकदा मोरीत पाय घसरून खुबा मोडल्यावरच कळते.

हाड म्हणजे दगड नव्हे. शरीर जुने हाड झिजवते आणि त्या जागी नवे भरते. हे आयुष्यभर चालू असते. झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते ते इस्ट्रोजेन हे संप्रेरक. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटते, आवर सुटतो आणि भर कमी, झीज जास्त असे होते. पहिली काही वर्षे ही झीज सर्वांत वेगाने होते. दुखत मात्र काहीच नाही. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे आधी.

काही जणींना तर तेवढाही वेळ मिळत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला. सरकारी समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांवर जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. चर्चा झाली ती गर्भाशयाची. हाडांबद्दल फारसे कोणी बोलले नाही. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशये काढली असतील तर इस्ट्रोजेन एकदम घटते, मग वय तिशीचे का असेना. अंडाशये ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता वाढते.

आता राबण्याचे बघू. कष्टाचा हाडांना उपयोगच नाही, असे नाही. पण हाड रोजच्या सवयीच्या भाराला सरावते. सवयीपेक्षा जास्त भार आला, आणि तो हळूहळू वाढत गेला, तरच ते नवी भर घालते. भांडी, झाडलोट, स्वयंपाक यांत तसा भार नाही. चालणे हृदयाला, साखरेला चांगले. पण नुसत्या चालण्याने हाडाची घनता फारशी वाढत नाही.

ऑस्ट्रेलियात 'लिफ्टमोर' नावाचा एक अभ्यास झाला, तो २०१८ मध्ये छापून आला. पाळी गेलेल्या, हाडांची घनता कमी असलेल्या १०१ स्त्रिया, सरासरी वय ६५. त्यांतल्या एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली: जमिनीवरून उचलणे, डोक्यावर ढकलणे, खांद्यावर घेऊन बैठका. शिवाय उंचावरून पायांवर उतरणे. आठ महिन्यांत त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्के वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची १.२ टक्के घटली. ज्या वयात आपण आजीच्या हातातली पिशवीही काढून घेतो, त्या वयाच्या या बायका!

उद्यापासून आईला जड वजन उचलायला लावा, असे आम्ही म्हणत नाही. सुरुवात खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठण्या-बसण्याने करावी. ओट्याला धरून टाचा उचलणे, भिंतीला हात टेकून जोर, एका पायावर उभे राहणे. हे जमले की पाण्याने भरलेल्या बाटल्या, मग त्याहून जड काही. आहारात नाचणी, तीळ, सुकट असावी आणि अंगाला थोडे ऊन लागावे; व्यायामाने बांधकाम सुरू होईल, पण माल लागतोच.

उंची कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल किंवा साध्या पडण्याने मनगट मोडले असेल, तर आधी डॉक्टर. मणका दबलेला असताना कमरेत वाकून वजन उचलले तर तो आणखी दबू शकतो. डेक्सा तपासणीत हाडांची घनता कळते आणि गरज असेल तर औषधेही आहेत.

ज्यांच्या आईचे, मावशीचे गर्भाशय काढले आहे, त्यांनी शस्त्रक्रियेचा कागद शोधून अंडाशये ठेवली की काढली, हे वाचावे. कागद नसेल तर सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरांना विचारावे. कित्येक जणींना हे कधी कोणी सांगितलेलेच नसते.